पहिल्या रुग्णाआधीचे काम

मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवते. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर महाविद्यालयात नोकरी लागली आणि पुढची बरीच वर्षे वर्ग, परीक्षा आणि उत्तरपत्रिका यांतच गेली. वैद्यकीय संशोधनाशी माझा पहिला संबंध आला तो 2008 साली. ओळखीतून एक रेसिडेंट डॉक्टर घरी आले. थिसिस सादर करायला तीन आठवडे उरले होते, पेन ड्राइव्हवर एक्सेलचा तक्ता होता आणि मागणी एकच होती : "मॅडम, यातून पी-व्हॅल्यू तेवढी काढून द्या." पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.

मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांना दोन प्रकारचे ड्रेसिंग करून कोणती जखम लवकर भरते, हे त्यांना पाहायचे होते. तक्त्यात साठ ओळी होत्या, तीस एका गटात आणि तीस दुसऱ्या. मी फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी लावली, फरक लक्षणीय निघाला, डॉक्टर समाधानाने परत गेले. काही महिन्यांनी त्यांनी छापील थिसिसची प्रत आणून दिली तेव्हा शेवटची परिशिष्टे चाळताना माझ्या लक्षात आले की तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक रुग्ण नव्हता, एक जखम होती. काही रुग्णांच्या दोन्ही पायांना जखमा होत्या आणि त्या दोन स्वतंत्र नोंदी म्हणून मोजल्या गेल्या होत्या. एकाच माणसाच्या दोन जखमांना रक्तातली साखर तीच, रक्तपुरवठा तोच, घरची काळजीही तीच असते. त्यांना दोन साक्षीदार मानणे म्हणजे एकाच माणसाची साक्ष दोनदा नोंदवणे होय. रुग्ण हे एकक धरून मी पुन्हा हिशेब केला तेव्हा आधीचा स्पष्ट फरक धूसर झाला. डॉक्टरांना मी तसे लगेच कळवले, परंतु थिसिस तोवर मान्य होऊन ग्रंथालयात गेला होता. "ही ओळ म्हणजे काय?" एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता आणि तो विचारला नव्हता, ही चूक पूर्णपणे माझी होती.

त्या प्रसंगानंतर मी ठरवले की माहिती गोळा होऊन गेल्यावर आलेले काम शक्यतो घ्यायचे नाही. हे पाळणे सोपे नव्हते, कारण बहुतेक जण अगदी शेवटीच येतात. म्हणून 2018 च्या पावसाळ्यात एका रुग्णालयातील मेडिसिनच्या डॉक्टर मॅडम हातात फक्त दोन पाने घेऊन आल्या आणि "अजून एकही केस घेतलेली नाही" असे म्हणाल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या अभ्यासाची जी प्रक्रिया मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली, ती इथे लिहिते आहे.

त्यांचा प्रश्न रक्तक्षयाचा होता. ओपीडीत येणाऱ्या, शेतात राबणाऱ्या स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणे ही रोजचीच गोष्ट. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, पण पोटात जळजळ, मळमळ, बद्धकोष्ठता होते आणि गोळ्या अर्ध्यावर सुटतात. लोहाची मात्रा घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि साधारण एक दिवस ते पुढच्या लोहाचे शोषण रोखून धरते, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. मग रोज 60 मिलिग्रॅम देण्याऐवजी एक दिवसाआड 120 मिलिग्रॅम दिले, तर एकूण लोह तेवढेच राहून हिमोग्लोबिन अधिक वाढेल का, असे त्यांना तपासायचे होते. गर्भवती स्त्रियांना त्यांनी आधीच वगळले होते, कारण त्यांच्या उपचाराचे ठरलेले वेळापत्रक आहे आणि त्यात ढवळाढवळ करणे त्यांना पटत नव्हते.

पहिल्या दोन बैठकांत मी एकही सूत्र लिहिले नाही, फक्त विचारत राहिले. यश कशाला म्हणायचे? बारा आठवड्यांनी हिमोग्लोबिन किती वाढले, की किती जणींचे 12 ग्रॅमवर पोहोचले, की किती जणींनी गोळ्या पुऱ्या घेतल्या? डॉक्टर मॅडमना तिन्ही हवे होते आणि ते स्वाभाविकही होते, पण मुख्य उत्तर कोणत्या एका मोजमापावर ठरणार हे आधी लिहून ठेवले नाही, तर शेवटी जे चांगले दिसेल ते मुख्य ठरते. बरीच चर्चा होऊन बारा आठवड्यांतली हिमोग्लोबिनची वाढ मुख्य ठरली, बाकीची दोन दुय्यम. दुसरा प्रश्न मोजण्याचा. काही उपकेंद्रांवर साहलीच्या नळीने मोजतात, रुग्णालयात सेल काउंटरने. साहलीत रंग डोळ्यांनी जुळवायचा असल्यामुळे मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो आणि नोंदी पाहिल्या तर त्या अर्ध्या किंवा पूर्ण ग्रॅमवर गोळा झालेल्या दिसतात. त्यामुळे सर्व नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर तपासायचे आणि तंत्रज्ञाला स्त्री कोणत्या गटातली हे कळू द्यायचे नाही, असे ठरले.

या टप्प्यावर मला पां. वा. सुखात्मे यांची आठवण येते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 साली जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली आणि उत्तरायुष्यात पुण्यात राहून पोषणावर काम केले. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरजसुद्धा स्थिर नसते, ती काळानुसार स्वतःच्या मर्यादेत खालीवर होते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरवता येत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले. पण माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला दिवसागणिक फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची शिकवण डॉक्टरांसोबत काम करताना मला पदोपदी उपयोगी पडली आहे.

मग आला तो प्रश्न, जो प्रत्येक डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात : केसेस किती घ्यायच्या? थिसिसच्या जगात "तीस-तीस" हा आकडा जणू परंपरेने चालत आला आहे. मी त्यांना विचारले, दोन गटांत किती फरक पडला तर तुम्ही उद्यापासून औषधाची चिठ्ठी बदलाल? त्या बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "अर्धा ग्रॅम. त्याहून कमी फरकासाठी मी बदलणार नाही." हे उत्तर संख्याशास्त्रातून मिळत नाही, ते वैद्यकाच्या अनुभवातूनच यावे लागते. जुन्या नोंदवह्यांतून त्यांच्या रेसिडेंटने प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, काढून दिले, ते सुमारे 1.2 ग्रॅम होते. या दोन आकड्यांवरून, पाच टक्के पातळी (फरक नसताना तो आहे असे ठरण्याची शक्यता) आणि ऐंशी टक्के शक्ती (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात 91 स्त्रिया लागत होत्या. शंभरातल्या पंधरा जणी मध्येच येणे थांबवतील असे गृहीत धरल्यावर 108, म्हणजे एकूण 216. तीस-तीस घेतल्या असत्या तर शक्ती जेमतेम पस्तीस टक्क्यांच्या आसपास राहिली असती, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा फरक खरोखर असूनही तीनपैकी दोन वेळा तो आमच्या हातून निसटला असता. दोनशे सोळा ऐकून मॅडम गप्प झाल्या. इतक्या स्त्रियांना सुया टोचायच्या, त्यांचा वेळ घ्यायचा आणि उत्तर मात्र मिळणार नाही, याहून अपुरा अभ्यास न केलेला बरा, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि ते माझे आजही मत आहे.

लहान अभ्यास नेहमीच निरुपयोगी असतो असा याचा अर्थ नाही. घाट उतरून गेले की महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध एकटे आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष अशी तुलना केली, ती 2011 साली प्रसिद्ध झाली. रुग्ण अवघे सत्तर, प्रत्येक गटात पस्तीस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविषही मिळालेल्या गटात 32 आणि केवळ प्राझोसिनच्या गटात 8. इतका मोठा फरक सत्तर रुग्णांतही लख्ख दिसतो. अर्ध्या ग्रॅमसारखा बारीक फरक पकडायचा तर जाळेही तेवढेच मोठे लागते.

रुग्णांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीसमोर मला बोलावले होते. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की कोणत्या स्त्रीला कोणती पद्धत सोसेल हे अनुभवी डॉक्टरला समजत असताना चिठ्ठी टाकून ठरवायचे कशाला? प्रश्न प्रामाणिक होता. उत्तरादाखल मी 1948 सालचा स्ट्रेप्टोमायसिनचा ब्रिटिश अभ्यास सांगितला. औषध फार थोडे उपलब्ध होते, सर्वांना पुरणार नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी 107 क्षयरुग्णांची वाटणी यादृच्छिक आकड्यांनी करून ती बंद पाकिटांत ठेवली. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या 55 पैकी 4 दगावले होते, तर केवळ विश्रांतीवर असलेल्या 52 पैकी 14. आपल्याकडचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रात 193 रुग्णांची अशीच वाटणी करून निम्म्यांना आरोग्यधामात आणि निम्म्यांना घरीच औषध दिले गेले. घरच्या दाटीवाटीतही औषध जवळपास तितकेच लागू पडते आणि कुटुंबीयांना त्यामुळे जास्त धोका होत नाही, हे 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखवले आणि क्षयरोग्याला घरापासून तोडण्याची गरज जगभर कमी होत गेली. कमिटीने मंजुरी दिली. त्यानंतर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदणी केली. 2007 साली सुरू झालेली ही नोंदवही 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीचीच नोंदणी स्वीकारते, त्यामुळे मुख्य मोजमाप कोणते हे तारखेसह जाहीर झाले आणि ते नंतर बदलण्याची वाट बंद झाली.

कोणत्या स्त्रीला कोणती पद्धत मिळणार, त्या चिठ्ठ्यांची पाकिटे मी स्वतः तयार केली. संगणकावर आर या प्रणालीत यादी काढली. हिमोग्लोबिन 10 च्या खाली आणि वर असे दोन स्तर केले आणि प्रत्येकात चार व सहा पाकिटांचे संच (प्रत्येक संचात दोन्ही पद्धती समसमान) उलटसुलट मिसळले, कारण संच नेहमी चारचाच असेल तर पहिली तीन पाकिटे पाहिलेल्या माणसाला चौथे आधीच ओळखता येते. लक्ष्मीपुरीतून जाड खाकी पाकिटे आणली. तरीही ट्यूबलाइटसमोर धरल्यावर आतले अक्षर पुसट दिसते असे आढळले, तेव्हा प्रत्येकात स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा घातला. सोबत कार्बन पेपर ठेवला, जेणेकरून पाकीट उघडण्यापूर्वी वर लिहिलेले नाव आतल्या चिठ्ठीवर उमटेल आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर उघडकीला येईल.

एवढे करूनही पहिल्याच महिन्यात अडचण आली आणि ती निव्वळ मायेपोटी आली. ओपीडीतल्या सिस्टर फार जीव लावणाऱ्या होत्या. एका अगदी अशक्त बाईचे पाकीट उघडले, एकदिवसाआडची चिठ्ठी निघाली, तेव्हा त्यांनी मला फोन केला : "मॅडम, ही बाई लईच अशक्त हाय वो. हिला रोजची गोळी देऊ द्या की. पुढचं पाकीट हिला लावते." मी त्याच दुपारी तिथे गेले. खासबागेत कुस्तीची जोड लावताना वजन, वय, ताकद पाहून लावतात हे सिस्टरांना ठाऊक होते. मी म्हणाले, सिस्टर, जोड लावणाऱ्याला दिसते तेवढेच तो जुळवू शकतो. कोणाच्या पोटात जंत आहेत, कोण जेवणावर लगेच चहा घेते, कोणाची पाळी जास्त जाते, हे आपल्याला दिसत नाही. चिठ्ठी दिसणारेही वाटते आणि न दिसणारेही. तुम्ही अशक्त बायका एका बाजूला घातल्या तर शेवटी तीच बाजू हरलेली दिसेल आणि पुढे हजारो बायकांना चुकीची गोळी जाईल. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण हिचं काही वाईट व्हायचं न्हाई ना?" लोह दोन्हीकडे सारखेच आहे आणि कोणाचेही हिमोग्लोबिन ठरलेल्या पातळीखाली गेले तर डॉक्टर तिला अभ्यासातून काढून हवा तो उपचार देणार आहेत, हे मी त्यांना प्रोटोकॉलमधले, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यातले, वाक्य दाखवून सांगितले. त्यानंतर एकही पाकीट क्रम सोडून उघडले गेले नाही. आमच्या अभ्यासाची खरी राखण त्यांनीच केली, असे मी मानते.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र आम्ही सारेच कमी पडलो होतो. एकदिवसाआडच्या गटातल्या एका आजींनी सांगितले, "एक दिस सोडून म्हंजी काल घेतली का परवा, त्येच ध्यानात ऱ्हाईना बघा." मग आशाताईंनी प्रत्येकीच्या घरी जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळीच्या तारखांना लाल पेनाने गोल केले. हा उपाय कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये नव्हता, म्हणून आम्ही तो दोन्ही गटांना सारखाच लागू केला आणि कोणत्या तारखेपासून केला याची नोंद ठेवली.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, पाणी तिच्या कितीतरी वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातली गावे पाण्यात गेली. आमच्या स्त्रियांपैकी अनेक जणी निवारा केंद्रांत होत्या आणि त्या दिवसांत कोणालाही गोळ्यांबद्दल विचारणे योग्य नव्हते, ते आम्ही विचारलेही नाही. पाणी ओसरल्यावर काही जणी बाराव्या आठवड्याऐवजी सोळाव्या आठवड्यात तपासणीला आल्या, काही आल्याच नाहीत. या नोंदींचे काय करायचे हा प्रश्न आता पुरता माझा होता. पूर गाव पाहून आला होता, गट पाहून नव्हे, आणि वाटणी गावाशी बांधलेली नसल्यामुळे दोन्ही बाजूंचे नुकसान जवळपास सारखे असेल अशी आशा होती. तरी मी गटांची नावे झाकून, केवळ एकत्रित यादी समोर ठेवून नियम लिहिले : उशिरा आलेल्यांची मोजणी किती आठवड्यांपर्यंत ग्राह्य धरायची, न आलेल्यांच्या जागी अंदाज कसा करायचा, आणि पूरग्रस्त गावे वगळून एक वेगळा हिशेब कसा करायचा. गट उघड होण्याआधी असा आढावा घ्यावा, असे 1998 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही सांगितले आहे. त्या कागदावर आम्ही दोघींनी तारीख घालून सह्या केल्या.

माहिती स्वच्छ करायला दीड महिना लागला. ते काम कोणाला दिसत नाही, पण मला ते विश्लेषणाहून मोलाचे वाटते. 11.2 ऐवजी 112 असे टंकलेले आकडे, दिवस आणि महिना उलटसुलट झालेल्या तारखा, पंचवीस-तीस-पस्तीस यांवरच गोळा झालेली वये. एका ठिकाणी दोन वेगळ्या स्त्रियांचे गाव, वय आणि उंची तंतोतंत जुळत होती. चौकशी केली तेव्हा समजले की एकच बाई एकदा सासरच्या नावाने आणि पुन्हा माहेरच्या नावाने नोंदली गेली होती. 2008 मधली माझी चूक तेव्हा मला पुन्हा आठवली आणि मी प्रत्येक ओळ मूळ केस पेपराशी पडताळून पाहिली.

विश्लेषणाचा दिवस त्यामानाने लवकर संपला. जिच्या पाकिटात जे निघाले त्याच गटात ती मोजली, मग तिने प्रत्यक्षात गोळ्या कशाही घेतलेल्या असोत. दोन्ही गटांत हिमोग्लोबिन वाढले होते. दोन्हींतला फरक मात्र लहान निघाला आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असू शकतो तो पल्ला, शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरला होता. डॉक्टर मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सुचवले की वयोगट, शाकाहारी-मांसाहारी, मुलांची संख्या असे भाग पाडून पाहू, कुठेतरी फरक दिसेल. वीस ठिकाणी शोध घेतला तर काहीही नसताना एका तरी ठिकाणी "लक्षणीय" फरक दिसण्याची शक्यता चौसष्ट टक्के असते, हे मी त्यांना आकडेमोड करून दाखवले. त्यांनी तो विचार सोडून दिला.

खरा वाद निष्कर्षाच्या एका वाक्यावर झाला. मसुद्यात होते : "दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत." मी ते खोडले. फरक सिद्ध न होणे आणि समानता सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. समानता दाखवायची असती तर किती फरकापर्यंत "सारखे" म्हणायचे ती मर्यादा आरंभीच ठरवावी लागली असती आणि अभ्यास त्यावर बेतावा लागला असता. आम्ही तसे केले नव्हते. मॅडमचे म्हणणे होते की ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला असे गुंतागुंतीचे वाक्य नको असते. तीन दिवस निरोपानिरोपी चालली. अखेर आम्ही लिहिले की एकदिवसाआडच्या पद्धतीने हिमोग्लोबिन अधिक वाढते असे या अभ्यासात दिसून आले नाही, आणि त्यापाठोपाठ फरकाचा अंदाज त्याच्या दोन्ही टोकांसह दिला.

नियतकालिकाच्या एका परीक्षकाने पूरग्रस्त स्त्रियांना वगळून तोच हिशेब मुख्य म्हणून मांडावा, अशी सूचना केली. आम्ही सह्यांचा तो कागद तारखेसह पाठवला आणि कळवले की मुख्य हिशेब सर्व स्त्रियांचाच राहील. पूरग्रस्त गावे वगळून केलेला हिशेब शेजारच्या स्तंभात छापला गेला. दोन्हींतले आकडे थोडे वेगळे आहेत, निष्कर्षाचे वाक्य मात्र दोन्हींना तेच लागू पडते.